उलटी वेणी

चैत्रापासून दिवाळीपर्यंत आम्ही कांद्यांखाली झोपतो. आढ्याला, वाशांना, पडवीच्या बांबूंना पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. समुद्राकडून वारा आला की त्यांची सालं एकमेकांना घासतात. तो आवाज पावसासारखा नसतो, पानांसारखाही नसतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी नवी साडी उलगडतंय, असा असतो. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने मला झोप यायची नाही. आता माहेरी गेले तर त्याच्यावाचून येत नाही. सकाळी उठलं की अंथरुणावर, केसांत, हंड्याच्या झाकणावर सालींचे पापुद्रे पडलेले असतात, इतके पातळ की त्यातून बोट दिसतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि बोलणं त्याहून कमी. चारचौघांत माझा आवाज घशातच बसतो. लिहिताना बरं असतं, कुणी तोंडाकडे बघत नाही. पण काम मात्र आयुष्यभर रस्त्यावर बसूनच केलं. मांडव्याला बोटीतून उतरून लोक गाड्यांनी अलिबागला जातात, त्या रस्त्याच्या कडेला आमच्या गावच्या बायका कांद्याच्या माळा घेऊन बसतात. त्यांच्यात एकदम टोकाला, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली माझी जागा.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना वाटतं, माळ म्हणजे कांदे सुतळीत ओवलेले. तसं नाही. भात कापून झालं की त्याच शेतात आम्ही पांढरा कांदा लावतो. शिमग्याच्या सुमाराला तो पातीसकट उपटायचा आणि शेतातच पसरून ठेवायचा. पात पुरी वाळली तर तुटते, ओली राहिली तर आतून कुजते. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते. तेव्हा भल्या सकाळी, दव पडून पात मऊ झालेली असताना ती विणायची. पोरीच्या केसांची घालतो तशीच तीन पेडांची वेणी. प्रत्येक वळणाला एक कांदा आत घ्यायचा आणि त्याची पात पेडात मिसळून टाकायची. खाली मोठे कांदे, वर लहान. ऊन चढलं की हात थांबवायचा, कारण पात कडकड बोलायला लागते. मग माळ वाऱ्यात टांगायची. नीट टांगलेली माळ पावसाळाभर टिकते. स्वयंपाकाला लागेल तसा खालून एकेक कांदा तोडायचा. शेवटी नुसती वेणी उरते.

हे मला सासूने शिकवलं. ती डावखुरी. तिच्या शेजारी बसून मी शिकले, तिचा हात जसा फिरेल तसा माझा फिरवत गेले आणि माझी वेणी तिच्यासारखीच उलट्या बाजूने वळायला लागली. मी उजव्या हाताची, पण वेणी डावखुऱ्या बाईची. रस्त्यावरच्या बायका हसायच्या. "हिच्या माला बग, पाठमोऱ्या बसल्यात," म्हणायच्या. सासू म्हणायची, "बसू दे पाठमोऱ्या. कांदा काय तोंड बगून गोड होतो?"

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका बाईंनी सगळ्या माळा हुंगून पाहिल्या आणि वास न येणारी मागितली. एका साहेबांनी माळ गळ्यात घालून फोटो काढला आणि परत ठेवली. एक म्हातारे गृहस्थ दर वर्षी बोटीने यायचे, एकच कांदा तोडून घ्यायचे आणि भेंडीखाली उभे राहून फळासारखा खायचे. आमचा कांदा गोड, तो चिरताना डोळ्यांना पाणी येत नाही. त्यांच्या मात्र यायचं. मी कधी विचारलं नाही. दोन वर्षं झाली, ते येत नाहीत. अजूनही बोटीच्या वेळेला गाड्यांची रांग आली की मी त्यातून त्यांची पांढरी टोपी शोधते.

काशीदच्या शेठचा माणूस असाच एका सकाळी आला. काशीदला समुद्रासमोर त्यांचं मोठं रिसॉर्ट आहे. मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला एकेक माळ भेट द्यायची, अशी त्यांची हौस. माझ्याकडच्या सगळ्या माळा घेतल्या, आणखी विणायला सांगितल्या, पैसे आगाऊ दिले. मी मान हलवली. टेम्पो भरून माळा गेल्या. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी विक्री. मी त्या दिवशी घरी पुरणपोळी केली होती.

लग्न अजून लांब होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी माळा काढल्या तेव्हा सगळ्या कुजल्या होत्या. शेठनी आमच्यावर अलिबागच्या कोर्टात दावा लावला. आगाऊ दिलेले पैसे परत हवेत, वर पाहुण्यांसमोर झालेल्या शोभेची भरपाई हवी.

माझा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. तो आठवड्यातून एकदा घरी येतो, बाकीचे दिवस रस्त्यावर. त्याने अलिबागला एक वकील केले. वकील शहाणे होते. त्यांनी मला समजावलं, "काकी, शेठच्या माणसाने त्या रस्त्यावर आणखी बायकांकडूनही माळा घेतल्यात. कुजलेल्या कुणाच्या, ते कुणाला सांगता येणार नाही. तुम्हाला विचारलं तर एवढंच म्हणायचं, माळा सगळ्या सारख्याच दिसतात, मला ओळखता येत नाही."

मी मान हलवली.

कोर्टाची खोली मला अजून झोपेत दिसते. वर पंखा फार हळू फिरत होता. खिडकीबाहेर नारळाची झावळी हलत होती आणि तिची सावली न्यायाधीश साहेबांच्या टेबलावर येऊन जात होती, आल्यासारखी, गेल्यासारखी. सगळे बोलत होते, पण विहिरीच्या तळाशी उभं राहून ऐकावं तसं मला ऐकू येत होतं. मग शेठच्या वकिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

कांदे राहिलेच नव्हते. काळे डाग होते, वास होता. पण वेणी जशीच्या तशी होती. तिच्या टोकाला सोनेरी रिबीन बांधलेली आणि रिबिनीत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला. म्हणजे प्रत्येक माळ त्यांनी पिशवीत घालून, वरून रिबीन बांधून, बंद खोलीत ठेवली होती. मला एकदम वाईट वाटलं, पण कोर्टाचं नाही. एवढे दिवस त्या पिशवीत श्वास कोंडून बसलेल्या कांद्यांचं.

"ही तुम्ही विणलेली आहे का?" त्यांनी विचारलं.

वेणी उलटी होती. माझा अंगठा आपोआप तिच्यावरून फिरला. सासू जाऊन किती वर्षं झाली, पण तिचा हात त्या वेणीत होता. आमच्या वकिलांचं सगळं सांगणं मला आठवत होतं, नाही असं नाही. पण हातात धरून ती माझी नाही कसं म्हणायचं?

"माझीच," मी म्हटलं.

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"कशी ठेवायची ते तुम्ही शेठना सांगितलं होतं का? पिशवीत ठेवू नका, असं?"

"नाही."

"का नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तोंडात आलं नाही. आमच्या गावात हे कुणी कुणाला सांगत नाही. कांद्याला वारा लागतो, हे माहीत नसलेला माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता. मूल जन्मल्यावर त्याला दूध पाजायचं असतं, हे कुणी पाहुण्याला सांगतं का? पण कोर्टात एवढं लांब कोण बोलणार? मी खाली बघत राहिले. निकाल आमच्याविरुद्ध लागला.

घरी येताना नवरा एसटीत खिडकीशी बसला होता. मग म्हणाला, "गप बसतेस तवा पन नुकसान, बोलतेस तवा पन नुकसान. तुजा करायचा तरी काय?" आणि पिशवीतलं केळं सोलून माझ्या हातात दिलं.

मला वाटलं होतं, हरलं की लगेच कुणीतरी येऊन काहीतरी घेऊन जातं. तसं नसतं. हरलं की आधी काहीच होत नाही. हरणं हळूहळू घरात येतं. रस्त्यावरच्या बायका माझ्या शेजारून थोड्या सरकून बसायला लागल्या. एखादी गाडी माझ्यासमोर थांबली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "तिच्या नको घेऊ ताई, त्या कुजतात. कोर्टात ठरलाय." खोटं म्हणता येत नव्हतं. कोर्टात ठरलं होतं. संध्याकाळी मी जेवढ्या माळा नेल्या तेवढ्याच परत आणायची. आम्ही शेठचे पैसे हळूहळू देऊ असं ठरवलं होतं, पण त्याच वर्षी नवऱ्याचा हात साखळदंडात सापडून मोडला. ट्रेलर उभा राहिला आणि पैसे देणं थांबलं.

मग बेलिफ आला.

शिमगा होऊन गेला होता. माळा नुकत्याच टांगून झाल्या होत्या आणि घर कांद्यांनी भरलं होतं. नवरा मालकाला भेटायला उरणला गेला होता, हात बरा झाला म्हणून पुन्हा कामावर घेतोस का विचारायला. मी दुपारची पडवीत आडवी झाले होते. डोळा लागला होता, की लागायचा होता, सांगता येत नाही. सालींच्या आवाजातून कुणीतरी माझं पूर्ण नाव घेतलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. तसं मला फक्त कोर्टात बोलावलं होतं.

अंगणात दोन माणसं उभी होती. एक पिकल्या केसांचे, खांद्याला पिशवी लावलेले. ते बेलिफ. दुसरा शेठचा मॅनेजर, हातात मोबाईल. बेलिफांनी कागद वाचून दाखवला. पैसे न भरल्यामुळे घरातल्या वस्तू जप्त करायच्या, असा हुकूम होता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, आधी थोडं पाणी द्याल का?"

माझ्या मनात एकच गोष्ट आली. चुलीवरच्या माळा. त्या विकायच्या नसतात. दर वर्षी शेतातले सर्वांत चांगले कांदे निवडून सासू त्यांच्या माळा चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुराला. दिवाळीनंतर तेच कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात आणि त्या गोंड्यांतून काळं बारीक बी मिळतं. त्या बियाण्याचा पुढचा कांदा. सासूला ते तिच्या सासूने दिलं होतं. एक वर्ष जरी चुकलं तरी ते बियाणं संपलं. दुसरं विकत मिळतं, पण ते दुसऱ्याचं. बाकी घरातलं काय न्यायचं ते नेऊ देत, माझं काही म्हणणं नव्हतं.

मॅनेजर घरात फिरत होता. भांड्यांकडे बोट दाखवलं, बेलिफ म्हणाले, स्वयंपाकाची भांडी नेता येत नाहीत. अंथरुणं? नाही. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, तर बेलिफांनी नुसतीच नकाराची मान हलवली. टीव्ही बिघडलेला होता. मग मॅनेजरने वर पाहिलं.

तिघंही वर पाहत राहिलो. वारा आला. एक पापुद्रा सुटला आणि गिरक्या घेत सावकाश जमिनीला टेकला.

"सगळं उतरवा," मॅनेजर म्हणाला. "हाच माल आहे. बाकी घरात काय आहे?"

"थांबा," बेलिफ म्हणाले. "शेतकऱ्याचं बियाणं जप्त करता येत नाही. ताई, यातलं बियाण्याचं कुठलं आणि विकायचं कुठलं?"

तेवढ्यात समोरच्या घरातून रुकय्याभाभी धावत आली. आमची शेजारीण. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे आखातात, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते तिला आमच्या आधी कळतं. उंबऱ्यातूनच ओरडली, "सगला बियाणाच हाय साहेब! या खोलीतला, त्या खोलीतला, सगला! हिच्या सासूच्या वक्तापासनं!"

"पडवीतलंसुद्धा?" मॅनेजर हसला. "मग हिला गावभर पेरायचं असेल."

"पेरंल! तुजं काय जातंय?"

बेलिफ माझ्याकडे बघत होते. "मला यांच्याकडून नको, ताई. तुमच्याकडून हवं. तुम्ही म्हणाल ते मी लिहिणार."

मला फक्त 'होय' म्हणायचं होतं. मानसुद्धा पुरली असती, आणि मान हलवणं मला जमतं. भाभी डोळ्यांनी मला खुणा करत होती. पण वर पडवीतल्या माळा दिसत होत्या, माझ्याच हाताने, मोठ्या गिऱ्हाइकाची वाट बघत विणलेल्या. त्यांना मी बियाणं कसं म्हणू? त्या ऐकत होत्या असं मला वाटत होतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

"चुलीवरचं तेवढं बियाणं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "पडवीतलं आणि माजघरातलं विकायचं."

भाभीने कपाळावर हात मारला. "या अल्ला! कोर्टात हरलीस ती हरलीस, आता घरात पन हरतेस?"

मॅनेजर चुलीजवळ गेला. "या आणि त्या, दोन्ही सारख्याच दिसतात. हिने सांगितलं म्हणून कशावरून?"

बेलिफ पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "घरभर टांगलेलं यांनी स्वतःच्या तोंडाने सोडलं. मग चुलीवरच्यासाठी कशाला खोटं बोलतील? मी लिहितोय. चुलीवरचं सोडून."

त्यांनी लिहिलं. पडवीतल्या, माजघरातल्या माळा मीच उतरवल्या, कारण दुसऱ्या कुणी ओढल्या असत्या तर पात तुटली असती. लिलाव होईपर्यंत जप्तीचा माल कुणातरी भरवशाच्या माणसाकडे ठेवायचा असतो. बेलिफांनी रुकय्याभाभीला विचारलं. तिने आधी नाही म्हटलं, मग पदर खोचला. "आन. पन माज्या ओट्यावर हिचे पापुद्रे पडतील, ते कोन झाडनार? कोर्ट?"

त्या दिवसापासून लिलावापर्यंत माझे कांदे भाभीच्या ओट्यावर टांगलेले होते आणि माझं घर गप्प होतं. चुलीवरून तेवढी थोडी कुजबुज यायची. रोज सकाळी मी समोर जाऊन माळा फिरवायची, वाऱ्याची बाजू बदलायची. माझ्या नव्हत्या, तरी. भाभी चहा द्यायची आणि म्हणायची, "दुसऱ्याचा माल राखायला मालकीनच येते, असा पहारा मी दुबईत पन नाय पाह्यला."

लिलावाला रस्त्यावरच्या बायका आल्या होत्या, पण लांब उभ्या राहिल्या. कुणी बोली लावेना. माझ्याकडे बघायचंही त्यांना जड जात होतं, असं आता वाटतं. शेठ स्वतः आले होते, बोली लावायला कोर्टाची परवानगी काढून. त्यांनीच बोली लावली आणि सगळा माल घेतला. मी त्यांना कोर्टात पाठमोरं पाहिलं होतं. समोरून पाहिलं तर साधा, थकलेला माणूस. मुलीचं लग्न झालं, ती परदेशी गेली, असं मॅनेजर भाभीला सांगत होता.

टेम्पो भरला तसे ते ओट्यापाशी आले. एक माळ हातात धरून मला म्हणाले, "बाई, आता तरी सांगा. या ठेवायच्या कशा?"

"वाऱ्यात," मी म्हटलं. "टांगायच्या. पिशवी नको. बंद खोली नको."

"एवढंच?"

"एवढंच."

ते थोडा वेळ माळेकडे बघत राहिले. टेम्पोत त्यांनी माळा एकमेकींवर रचू दिल्या नाहीत. बांबू मागवला, आडवा बांधला आणि टांगून नेल्या. राहिलेलं देणं नवऱ्याने पुढे पगारातून फेडलं. त्याबद्दल आता काही सांगण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर मी चुलीवरचे कांदे उतरवून लावले. दांडे आले, गोंडे फुलले. त्या दिवसांत शेतात उभं राहिलं की मधमाश्यांच्या आवाजाने कान भरून जातात आणि आपण उभे आहोत की तरंगतोय ते कळत नाही. रस्त्यावर मी पुन्हा बसायला लागले. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पैसे घ्यायच्या आधी सांगते, वाऱ्यात टांगा, पिशवी नको. कुणी हसतं, कुणी म्हणतं, माहितीये हो आजी. तरी सांगते. शेजारच्या बायका आता म्हणतात, "हिच्या तोंडाला कोर्टाने वाचा दिली." त्या जवळ सरकून बसतात.

यंदा बी चांगलं धरलं. उन्हाळ्यात मुरूडला भाचीचं लग्न होतं. तिच्या सासरी थोडी जमीन आहे म्हणून तिला द्यायला बियाण्याची पुरचुंडी बांधून घेतली आणि आम्ही दोघं एसटीने निघालो. काशीद आलं तसा समुद्र एकदम उजवीकडे आला. माझा डोळा लागत होता. सुरूच्या झाडांमधून उन्हाचे पट्टे अंगावरून जात होते, आल्यासारखे, गेल्यासारखे.

तेव्हा ते रिसॉर्ट दिसलं. पुढच्या ओसरीला, समुद्राच्या तोंडावर, ओळीने काहीतरी टांगलेलं होतं आणि वाऱ्यात हलत होतं. कांदे नव्हते. वर्षभरात एकेक करून तोडून खाल्लेले असणार. नुसत्या वेण्या उरल्या होत्या, पिवळ्या, कोरड्या, उलट्या वळणाच्या.

मी मांडीवरची पुरचुंडी घट्ट धरली आणि मान वळवून बघत राहिले.

"काय बगतेस गो?" नवऱ्याने विचारलं. "कोनाच्या त्या?"

"माझ्याच," मी म्हटलं.

तो हसायला लागला. "हलू बोल," म्हणाला, "कोनी वकील बसला आसंल गाडीत."